सिकलसेलच्या अभ्यासाचे नमुने गावातून प्रयोगशाळेत येईपर्यंत लाल पडतात. नेमकं कुठे चुकतं?

पळसफूल (प्रश्न)

नमस्कार. मी विद्यापीठाच्या जैवरसायन विभागात पीएच.डी. करते. विषय असा की, एकाच भागातल्या सिकलसेलग्रस्तांपैकी काहींना वारंवार त्रास होतो आणि काहींना फारसा होत नाही, तो फरक कशामुळे? त्यासाठी एचबीएफ (बाळपणीचं हिमोग्लोबिन), अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनची अल्फा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) आणि रक्त फुटण्याचं प्रमाण दाखवणाऱ्या एलडीएच (पेशींतलं एक एन्झाइम), बिलिरुबिनसारख्या चाचण्या तपासायच्या आहेत. गावं बहुतेक गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातली, थोडी एटापल्लीकडची. प्रयोगशाळा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, त्यात गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पट्टा कच्चा.

प्रत्येक व्यक्तीकडून २ मिलीच्या दोन ईडीटीए ट्यूब (यात रक्त साकळत नाही; एक सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी आणि एचपीएलसी म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजण्यासाठी, एक डीएनएसाठी) आणि जेलची एक सीरम ट्यूब (रक्त साकळल्यावर वेगळा होणारा द्रव म्हणजे सीरम) घेतो. सगळ्या ट्यूब लगेच आइस पॅक लावलेल्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये जातात आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत आल्यावर सीरमची ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतो. बरंचसं सीरम गुलाबी, काही तर चक्क लाल निघतं. पोटॅशियम आणि एलडीएच खूप जास्त येतात. गाइडचं म्हणणं, हिमोलाइझ झालेला (पेशी फुटलेला) प्रत्येक नमुना टाकून द्या. पण लोक मजुरी बुडवून येतात, लहान मुलांना सुई टोचून रक्त घेतलेलं असतं. ते असं फेकायला मन धजत नाही.

मला हे विचारायचं आहे: हे थांबवायचं कसं? लाल पडलेल्या नमुन्याचा काही उपयोग होतो का? आणि मुळात सिकलच्या आजारातच पेशी फुटतात, मग सीरम आजारामुळे लाल आहे की आपल्या हाताळणीमुळे, हे ओळखायचं कसं?

---

शीर_शोधक

ताई, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. न फिरवलेली सीरम ट्यूब बर्फात ठेवायची नसते. ईडीटीएला थंडावा हवा. सीरमच्या ट्यूबमध्ये आधी रक्त साकळायला हवं, आणि थंडीत ते नीट साकळत नाही. अर्धवट साकळलेली ती गाठ कच्च्या रस्त्यावर तीन-चार तास हेलकावे खाते आणि पेशी फुटतात. शिवाय थंडीत पेशींच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, त्यामुळे एकही पेशी न फुटता पोटॅशियम बाहेर येऊन सीरममध्ये वाढतं. म्हणजे न फिरवता थंड ठेवलेल्या ट्यूबचं पोटॅशियम, सीरम स्वच्छ दिसलं तरी, विश्वासाचं नाही.

क्रम असा ठेवा. जेलची ट्यूब भरली की पाच-सहा वेळा अलगद उलटीपालटी करा, स्टँडमध्ये उभी ठेवा आणि ३० मिनिटं सावलीत, साध्या तापमानाला राहू द्या. मे महिन्यात गडचिरोलीत बाहेरचं तापमान म्हणजे साधं तापमान नव्हे. उपकेंद्राच्या खोलीत, नाहीतर बर्फ नसलेल्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा. त्यानंतर रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत ती फिरवून सीरम वेगळं झालं पाहिजे. याचा अर्थ सेंट्रीफ्यूज गावाजवळ हवं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा असतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी पत्र द्या आणि ओपीडीची गर्दी ओसरल्यावरची वेळ मागून घ्या.

बाकी कारणं रक्त घेतानाची आहेत. वारंवार दिसणारी सांगतो.

स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणं. शिबिरात रांग लागली की हे हमखास होतं. किमान ३० सेकंद थांबा, फुंकर मारू नका. ओलं स्पिरिट सुईतून आत गेलं की पेशी तिथेच फुटतात.

सुई. मोठ्या माणसाला २१ किंवा २२ गेज, लहान मुलाला २३. त्याहून बारीक सुई वापरून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला की पेशी सुईच्या तोंडाशी फाटतात. शीर सापडेना म्हणून सुई आतल्या आत फिरवत राहिलं तरी तेच.

सिरिंजने घेतलेलं रक्त सुईसकट ट्यूबच्या रबरात खुपसून दट्ट्या दाबणं. माझ्या मते शिबिरातले निम्मे नमुने याच एका सवयीने बिघडतात. सुई काढून हब कटरमध्ये टाका, ट्यूबचं झाकण उघडा, रक्त ट्यूबच्या भिंतीवरून सावकाश सोडा. शक्य असेल तर सरळ व्हॅक्युम होल्डर वापरा, सिरिंजच नको. आणि ट्यूब भरण्याचा क्रम पाळा: आधी सीरम, मग ईडीटीए. उलटं झालं आणि ईडीटीएचा थेंब सीरममध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं.

टूर्निकेट एका मिनिटाहून जास्त नको. मूठ उघडझाप करायला सांगू नका.

ईडीटीएची ट्यूब खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा उलटीपालटी करा. हलवायची म्हणजे झटकायची नाही. अर्धी भरली तर दोन तोटे: ईडीटीएचं प्रमाण वाढून पेशी आकसतात, आणि वरच्या मोकळ्या जागेमुळे रक्त प्रवासात घुसळून फेसाळतं.

आता कॅरिअर. डीप फ्रीझरमधून काढलेला आइस पॅक तसाच लावला तर त्याला टेकलेली ट्यूब गोठते, आणि गोठलेलं रक्त वितळलं की सगळंच लाल. पॅक बाहेर काढून टेबलावर ठेवा. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, बाहेरून दव धरलं, मगच लावा. लसीकरणाला सिस्टर हेच करतात, त्यांच्याकडूनच शिकून घ्या. जानेवारीत याला वेळ लागतो, मेमध्ये लवकर होतं, म्हणून घड्याळावर न जाता आवाजावर जा. पॅक आणि ट्यूब यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा थर, ट्यूब स्टँडमध्ये उभ्या आणि घट्ट, डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) ट्यूबच्या मधोमध. डबा गाडीच्या डिकीत नको, माणसं बसतात तिथे पायाशी ठेवा. पहिल्या खऱ्या शिबिराआधी ट्यूबमध्ये नुसतं पाणी भरून तोच डबा त्याच रस्त्याने, त्याच ऋतूत नेऊन आणा आणि लॉगरचा आलेख बघा. २ ते ८ अंशांच्या बाहेर कधी गेला ते कळेल, आणि एकाही माणसाच्या रक्ताची नासाडी होणार नाही.

---

एचबीए२

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे: सरसकट फेकू नका. नमुना वाया गेला की नाही, हे कोणत्या चाचणीसाठी विचारता त्यावर आहे.

एचपीएलसीमध्ये यंत्र पेशी फोडूनच हिमोग्लोबिन वेगळं करतं. त्यामुळे ईडीटीएच्या ट्यूबमध्ये थोडं हिमोलिसिस झालं तरी एचबीएस (सिकलचं हिमोग्लोबिन), एचबीएफ, एचबीए२ (मोठ्यांत थोडं असणारं हिमोग्लोबिन) यांचं गुणोत्तर त्यामुळे बिघडत नाही. नमुना साकळलेला मात्र चालत नाही. २ ते ८ अंशांत ठेवलेलं ईडीटीए रक्त साधारण आठवडाभर एचपीएलसीला चालतं. रक्त शिळं झालं किंवा तापलं की आलेखात पी३ चा (हिमोग्लोबिनच्या बिघडलेल्या अंशांचा) उंचवटा वाढतो, तो बघत जा. एखाद्या फेरीतल्या सगळ्याच नमुन्यांत तो वाढलेला दिसला, तर डबा तापला होता असं समजा.

डीएनएलाही हिमोलिसिस आड येत नाही. डीएनए पांढऱ्या पेशींतून येतो. उणे २० अंशांत गोठवलेल्या रक्तातूनही तो निघतोच. फक्त तांबड्या पेशी फोडण्याच्या पायरीनंतर पांढऱ्या पेशींचा गोळा स्वच्छ दिसेपर्यंत धुवा, कारण राहिलेला हीम पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवतो. हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊ नका, तेही पीसीआरला अडथळा करतं.

सीबीसी हिमोलिसिसने बिघडतो: तांबड्या पेशींची संख्या आणि हिमॅटोक्रिट खोटं कमी, एमसीएचसी (पेशीतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) खोटं जास्त. सीबीसी त्याच दिवशी करा. उशीर झाला की पेशी फुगतात आणि एमसीव्ही (पेशीचं सरासरी आकारमान) वाढतो, आणि अल्फा थॅलेसेमिया शोधताना तुम्हाला नेमका एमसीव्हीच लागणार आहे.

लाल सीरममधून पोटॅशियम, एलडीएच, एएसटी काढू नका. तांबड्या पेशीत एलडीएच सीरमच्या शंभराहून जास्त पट असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा निरर्थक होतो. यंत्राचा हिमोलिसिस इंडेक्स प्रत्येक नमुन्यासमोर नोंदवा आणि कोणत्या चाचणीसाठी कोणत्या मर्यादेपुढे निकाल धरायचा नाही हे आधीच लिहून ठेवा. आकडे बघितल्यावर मर्यादा ठरवली तर ते शास्त्र राहत नाही. गाइडपुढे हीच मांडणी करा: नमुना रद्द नाही, त्या नमुन्याची ती चाचणी रद्द.

एलडीएचबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. वेगळं केलेलं सीरम फ्रीजमध्ये ठेवलं तर एलडीएचची काही रूपं, विशेषतः चौथं आणि पाचवं, थंडीने निकामी होतात. एलडीएच त्याच दिवशी करायचं असेल तर तेवढं सीरम साध्या तापमानाला ठेवा. बिलिरुबिनची नळी उजेडापासून झाकून ठेवा, ते प्रकाशाने उतरतं.

आता आजार की हाताळणी. सीरममधलं मोकळं हिमोग्लोबिन डेसिलिटरला साधारण ३० मिलिग्रॅमपर्यंत गेलं की डोळ्यांना गुलाबी दिसू लागतं. त्रास नसलेल्या काळात एसएस रुग्णाचं (दोन्ही पालकांकडून सिकल जीन आलेल्याचं) मोकळं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं, पण सहसा इतकं नाही. त्याचं सीरम बिलिरुबिनमुळे पिवळसर असतं. म्हणून लाल सीरम दिसलं की आधी हाताळणीवर संशय घ्या.

दुसरी खूण त्याच फेरीतले एए (सिकल जीन नसलेले) आणि एएस (एकच सिकल जीन असलेले वाहक) नमुने. वाहकाच्या शरीरात एरवी पेशी फुटत नाहीत, त्याचं एलडीएच सामान्य असायला हवं. त्या दिवशी एए आणि एएसचंही सीरम गुलाबी आणि एलडीएच वर असेल, तर रुग्णांचे आकडेही धरू नका. यासाठी प्रत्येक फेरीत काही एए व्यक्ती असायलाच हव्यात आणि त्यांचे नमुने रुग्णांच्या नमुन्यांत मिसळून घ्यायला हवेत. सकाळी सगळे रुग्ण आणि दुपारी सगळे निरोगी, असं केलं की उन्हाचा परिणाम आणि आजाराचा परिणाम वेगळा करता येत नाही.

तिसरी खूण रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी). शरीरात खरोखर पेशी फुटत असतील तर रेटिक वाढलेलं, अप्रत्यक्ष बिलिरुबिन वाढलेलं आणि हॅप्टोग्लोबिन (मोकळं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन) अगदी कमी असतं. ट्यूबमध्ये फुटल्याने रेटिक वाढत नाही. एलडीएचच्या आयसोएन्झाइमवर पैसे घालवू नका, दोन्हीकडे तांबड्या पेशीचंच एलडीएच असल्याने फरक कळणार नाही.

---

पळसफूल

दोघांचेही मनापासून आभार. सीरम बर्फात ठेवायचं नाही, हे आमच्या लेखी कार्यपद्धतीतच उलटं लिहिलं होतं, ते बदलते.

पुढचे प्रश्न. आरोग्य केंद्रातलं सेंट्रीफ्यूज फिक्स्ड अँगलचं आहे, त्यावर नुसते आरपीएमचे आकडे आहेत आणि वीज मध्येच जाते. किती आरपीएमला, किती वेळ? आणि गावातच सॉल्युबिलिटी टेस्ट (द्रावण गढूळ झालं तर एचबीएस आहे असं सांगणारी चाचणी) करून एए लोकांच्या जास्तीच्या ट्यूब वाचवता येतील का?

---

जुनं_सेंट्रीफ्यूज

आरपीएम सांगून उपयोग नाही, त्रिज्या मोजा. रोटरच्या मध्यापासून ट्यूबच्या तळापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये घ्या (ट्यूब फिरताना जशी असते त्या स्थितीत). मग जी-बल = ०.००००१११८ × त्रिज्या × आरपीएम × आरपीएम. १० सेंटीमीटर त्रिज्येला ३००० आरपीएम म्हणजे सुमारे १००० जी, तेच १५ सेंटीमीटरला सुमारे १५०० जी. म्हणून एका केंद्राचा आकडा दुसऱ्या केंद्रात चालत नाही. जेलच्या ट्यूबला साधारण १००० ते १३०० जी लागतं, स्विंग रोटरमध्ये १० मिनिटं, फिक्स्ड अँगलमध्ये १५. तुमच्या ट्यूबच्या पाकिटावर उत्पादकाने दिलेला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. फिक्स्ड अँगलमध्ये जेलचा थर तिरका बसतो, त्यामुळे सीरम काढताना पिपेटचं टोक थराला लागू देऊ नका.

वीज मध्येच गेली आणि जेल पूर्ण बसलं नसेल तर वीज आल्यावर त्याच खेपेत पूर्ण वेळ फिरवता येतं. पण जेल बसून सीरम वर आलेली ट्यूब पुन्हा फिरवायची नाही. जेलखाली पेशींना चिकटून राहिलेलं सीरम वर येतं आणि पोटॅशियम वाढतं. स्वतःचा इन्व्हर्टर नेणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या, चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर तापते आणि वेग कमी पडतो. समोरासमोरच्या ट्यूब वजनाने जुळवा, पाण्याने भरलेल्या एक-दोन ट्यूब जवळ ठेवा. टेबल डुगडुगत असेल तर यंत्र सिमेंटच्या ओट्यावर ठेवा. ब्रेक जोरात लावला की बसलेला थर पुन्हा ढवळतो, त्याला आपोआप थांबू द्या.

लेबलचंही सांगतो, कारण त्यावर अख्खा प्रबंध उभा असतो. आइसबॉक्समध्ये पाणी सुटतं, कागदी लेबल गळून पडतं, पेनची शाई स्पिरिटने जाते. क्रायो लेबल घ्या, ट्यूबवर उभं चिकटवा, रक्ताची पातळी दिसायला हवी. झाकणावर क्रमांक लिहू नका, झाकणं बदलतात. रक्त घ्यायच्या आधी लेबल लावून ठेवलेल्या ट्यूबची ओळ करू नका. माणूस समोर बसल्यावर, त्याच्या तोंडून नाव ऐकून, त्याच्यासमोर लेबल लावा. एकाच आडनावाची आणि एकाच नावाची दोन-तीन माणसं गावात असतातच, म्हणून घर क्रमांक आणि वय दोन्ही विचारा.

---

एचबीए२

सॉल्युबिलिटी गावात करता येते, पण तिच्या भरवशावर कोणाला एए ठरवू नका.

बफरचं प्रमाण: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३३.७८ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ५९.३३ ग्रॅम, पांढरं सॅपोनिन २.५ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाण्याने २५० मिली. वापरायच्या वेळी बफरमध्ये सोडियम डायथायोनाइट मिसळायचं. बिघडतं ते बहुधा डायथायोनाइट: डब्याचं झाकण उघडं राहिलं, हवेतला ओलावा लागला की त्याची शक्ती जाते आणि एएस माणूस निगेटिव्ह निघतो. डायथायोनाइट आधीच वजन करून छोट्या घट्ट झाकणाच्या नळ्यांत भरा, सिलिका जेलसोबत न्या आणि गावात गेल्यावरच बफरमध्ये मिसळा. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. फ्रीजमधून काढलेलं बफर तसंच वापरलं तर निकाल चुकतो, आधी साध्या तापमानाला येऊ द्या.

२ मिली द्रावणात १० मायक्रोलिटर पेशी घाला, मिसळा, पाच मिनिटांनी काळ्या रेघांच्या पांढऱ्या कार्डापुढे साधारण अडीच सेंटीमीटरवर धरा. रेघा दिसत नसतील तर पॉझिटिव्ह. पूर्ण रक्ताऐवजी खाली बसलेल्या पेशी घ्या, कारण ॲनिमिया जास्त असेल तर पूर्ण रक्तात एचबीएस पुरेसं नसतं आणि गढूळपणा येत नाही. आपल्या भागात बायका-मुलांत ॲनिमिया इतका आहे की ही बाब टाळता येत नाही. रोज सुरुवातीला एक माहीत असलेला एएस आणि एक एए नमुना लावा. तो जुळला नाही तर त्या दिवशी चाचणी बंद.

सहा महिन्यांखालच्या बाळात ही चाचणी करू नका, एचबीएफ जास्त असल्याने निगेटिव्ह येते. नुकतंच रक्त चढवलेल्यातही फसवते. एएस आणि एसएस वेगळे करण्याचं काम तर तिचं नाहीच. एचबीडी (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) आणि बीटा थॅलेसेमियाचे वाहकही यात निगेटिव्हच येतात, आणि तुमच्या अभ्यासात त्यांना एए धरलं तर निष्कर्ष चुकेल. तात्पर्य, एक ईडीटीए प्रत्येकाची घ्या आणि प्रत्येकाचं एचपीएलसी करा. दुसरी ईडीटीए आणि सीरम मात्र सॉल्युबिलिटीवरून ठरवायला हरकत नाही, फक्त निगेटिव्ह आलेल्यांतल्या काही जणांकडूनही घ्या, तुलनेला लागतील.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाल्यापासून गावात बऱ्याच जणांकडे कार्ड असतं. ते बघा, नोंदवा, पण निदान म्हणून तुमच्या तक्त्यात चढवू नका.

एचपीएलसी वाचताना: बायो-रॅड व्हेरियंटच्या बीटा थॅलेसेमिया शॉर्ट प्रोग्रॅममध्ये एस ची खिडकी (आलेखात तो दिसण्याची वेळ) ४.३० ते ४.७० मिनिटं, डी ची ३.९० ते ४.३०, ए२ ची ३.३० ते ३.९०. एचबीएस असलेल्या नमुन्यात ए२ खोटं वाढलेलं दिसतं, कारण एस चे बदललेले अंश त्याच खिडकीत येतात. म्हणून केवळ ए२ ४ टक्क्यांवर गेलं म्हणून एस-बीटा थॅलेसेमिया लिहू नका. एमसीव्ही बघा, आईवडिलांचं एचपीएलसी बघा, जमल्यास बीटा जीनचं सिक्वेन्सिंग करा. वाहकात एस साधारण ३५ ते ४० टक्के. ३० च्या आसपास किंवा खाली असेल तर अल्फा थॅलेसेमिया शोधा (आधी ३.७ आणि ४.२ किलोबेसचे लोप, गॅप पीसीआरने). पण लोहाच्या कमतरतेनेही एस चं प्रमाण उतरतं, तेव्हा फेरिटिन (शरीरातला लोहसाठा दाखवणारी चाचणी) सोबत हवंच.

प्रश्नावलीत दोन ओळी नसतील तर आजच घाला. गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं का? असेल तर तो नमुना पुढे ढकला, कारण दात्याच्या पेशी १२० दिवसांपर्यंत राहतात. हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे का, केव्हापासून, रोज किती? त्या गोळीने एचबीएफ आणि एमसीव्ही दोन्ही वाढतात. औषधाचं नाव विचारून उत्तर मिळत नाही, रिकामी पट्टी आणायला सांगा.

---

कोरकू_पट्टा

तांत्रिक बाजू वर छान आली आहे. माणसांच्या बाजूचं थोडं लिहितो.

कधी जायचं हे विद्यापीठाच्या कॅलेंडरवर ठरवू नका. मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटेच मोहफुलं वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता, जुलैत रोवणी. पावसाळ्यात भामरागडकडचे नाले भरले की दोन-दोन दिवस वाट बंद, आणि डब्यातलं बर्फ तेवढं टिकत नाही. दिवाळीनंतर धान घरात आलं की जानेवारी-फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम: थंडी असते, माणसं भेटतात, नमुनेही तापत नाहीत. वेळ तेव्हाही सकाळी लवकरची नाहीतर संध्याकाळची घ्या, आशाताईंना विचारून.

संमतीपत्र मराठीत आहे म्हणजे समजलं असं नाही. एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्यात गोंडी, आमच्याकडे मेळघाटात कोरकू. त्या भाषेत बोलणारी गावातलीच व्यक्ती बरोबर हवी, आणि शक्यतो ती सरपंच किंवा पोलीस पाटील नको, कारण त्यांच्यापुढे माणूस नाही म्हणू शकत नाही. ग्रामसभेची परवानगी जरूर घ्या, पण ती व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सही करतो. ७ ते ११ वर्षांच्या मुलांची तोंडी संमती, १२ ते १८ ची लेखी, आणि पालकांची वेगळी. डीएनए साठवून पुढच्या अभ्यासाला वापरणार असाल तर तो रकाना वेगळा ठेवा. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायची मुभा हवी.

निकाल परत द्यायचा, हे अर्जातच तारखेसह लिहा आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरा. किती अभ्यास गावातून रक्त नेतात आणि रिपोर्टच पोचत नाही. तुम्ही तसं करू नका. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात, लहान मुलाचा आईवडिलांच्या. शाळेत वर्गासमोर किंवा चावडीवर यादी वाचणं म्हणजे मुलींची लग्नं मोडायची सोय. एएस म्हणजे आजार नाही, औषध लागत नाही, हे आधी सांगा. दोन वाहकांनी लग्न केलं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची, हे नंतर. एसएस निघालेल्याला नुसता कागद देऊन परतू नका. आरोग्य केंद्रात नोंद, फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरियासाठी डॉक्टरांची भेट, हे त्याच आठवड्यात लावून द्या.

सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि सगळं परत आरोग्य केंद्रात. गावाच्या उकिरड्यावर काही राहता कामा नये.

---

पळसफूल

खूप खूप आभार सर, रिपोर्ट परत देण्याची तारीख अर्जात घालते. शेवटचा प्रश्न. कुटुंबाचे नमुने एकत्र असल्याने मुलगा एसएस, आई एएस आणि वडील एए असं एखाद्या घरात दिसलं तर काय करायचं?

---

एचबीए२

वडिलांबद्दल शंका घेण्याआधी तीन गोष्टी. पहिली, ट्यूबची अदलाबदल: त्या घराचे नमुने दुसऱ्या ईडीटीएमधून पुन्हा चालवा. दुसरी, वडिलांचा आलेख पुन्हा वाचा: ए२ ४ च्या आसपास किंवा वर आणि एमसीव्ही कमी असेल तर ते बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत आणि मुलगा एसएस नसून एस-बीटा शून्य असू शकतो. एचपीएलसीवर दोघंही जवळपास सारखेच दिसतात. लोहाची कमतरता असेल तर वडिलांचं ए२ खोटं खाली येतं, म्हणजे ३.५ लाही निश्चिंत होऊ नका. तिसरी, वडिलांना अलीकडे रक्त चढवलं होतं का.

---

कोरकू_पट्टा

आणि हे सगळं बघूनही जुळलं नाही, तर ते तुमच्या वहीतही नावानिशी लिहायचं नाही. विश्लेषणातून ते घर 'वंशावळ जुळत नाही' एवढ्या सांकेतिक नोंदीवर वगळा. रिपोर्ट तिघांचे तीन वेगळे द्या, एका कागदावर कुटुंबाचा तक्ता छापू नका. असे निष्कर्ष कोणालाही सांगितले जाणार नाहीत, हे वाक्य संमतीपत्रात आधीच हवं. नसेल तर पुढच्या फेरीआधी एथिक्स कमिटीकडून दुरुस्ती मंजूर करून घ्या. सांकेतिक क्रमांक आणि नावं जोडणारी यादी गाइडच्या कुलूपबंद कपाटात ठेवा, नमुन्यांबरोबर गाडीत नेऊ नका.